लोगो : निर्माते आणि श्रेय

लोगो ही मुलांनी स्वतः प्रोग्रॅम लिहावेत या हेतूने रचलेली संगणकभाषा. अमेरिकेतील केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन म्हणजेच बीबीएन या संशोधन कंपनीत 1967 मध्ये ती तयार झाली. जनक म्हणून बहुधा सीमोर पॅपर्ट (1928–2016) यांचे एकट्याचेच नाव घेतले जाते. ते अपुरे आहे; वॉली फ्यूर्झिग, पॅपर्ट, डॅनियल बॉब्रो आणि सिंथिया सॉलोमन ही चारही नावे एकत्र द्यायला हवीत.

बीबीएनमधील शिक्षणविषयक संशोधन करणाऱ्या गटाचे प्रमुख फ्यूर्झिग होते. या गटाने टेलकॉम्प ही भाषा शाळांत गणित शिकवण्यासाठी आधी वापरून पाहिली होती. ती मुख्यतः आकडेमोडीची भाषा होती. मुलांना शब्द आणि वाक्येही हाताळता यावीत, ही गरज त्या अनुभवातून पुढे आली. लोगो हे नावही फ्यूर्झिग यांचेच. जिनिव्हात मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्यासोबत काम करून आलेले पॅपर्ट सल्लागार होते. भाषेने काय करावे आणि मुलाशी कसे बोलावे, याचा मूळ आराखडा त्यांनी आखला. बॉब्रो यांनी पहिली आवृत्ती लिस्प भाषेत उतरवली.

सॉलोमन यांचे श्रेय सर्वांत जास्त झाकोळले गेले. भाषेच्या रचनेत त्या सहभागी होत्या. 1968–69 मध्ये लेक्सिंग्टन गावातील मझी शाळेत सातवीच्या मुलांना पॅपर्ट आणि त्यांनी लोगो शिकवली. मूल कुठे अडते, कोणती आज्ञा त्याला उमगते, हे वर्गातच कळते आणि भाषा त्यातूनच घडत जाते. असे काम ‘शिकवणे’ या खात्यात टाकले की निर्मितीतील वाटा दिसेनासा होतो. पुढे अ‍ॅपल लोगोच्या विकासातही सॉलोमन होत्या.

लोगोची ओळख बनलेले, आज्ञेनुसार फिरून रेघा काढणारे कासव 1967 च्या भाषेत नव्हते. तेव्हा मुले शब्दांचे खेळ आणि वाक्ये बनवणारे प्रोग्रॅम लिहीत. कासव आले 1969 च्या सुमारास, आणि ती कल्पना पॅपर्ट यांची. त्याआधी 1940 च्या दशकाअखेरीस इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे मेंदूशास्त्रज्ञ ग्रे वॉल्टर यांनी चाकांवर फिरणारी यांत्रिक कासवे बनवली होती. नावाचा वारसा तिथला. ‘फॉरवर्ड 100, राइट 90’ ही जोडी चार वेळा दिली की कासव चौरस काढते. मूल त्या आज्ञांना ‘चौरस’ असे नाव देऊ शकते आणि मग तोच शब्द भाषेतील नवी आज्ञा होतो. कोणीकडे वळायचे हे सुचेना, तर मुलाने स्वतः जमिनीवर तसे चालून पाहावे, ही पॅपर्ट यांची शिकवण या भाषेचा प्राण आहे.

श्रेय एका नावाभोवती गोळा होण्याचे मोठे कारण म्हणजे पॅपर्ट यांचे ‘माइंडस्टॉर्म्स’ (1980) हे पुस्तक. घरगुती संगणक शाळांत शिरत असतानाच ते आले आणि अनेक शिक्षकांना लोगोची ओळख त्यातूनच झाली. पॅपर्ट यांचे मोठेपण खरे आहे. मात्र भाषा पोहोचवणारा विचार आणि भाषा घडवणारे हात यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

2020 मध्ये ‘हिस्टरी ऑफ लोगो’ हा सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या आठ लेखकांत पहिले नाव सॉलोमन यांचे आहे.