डिजिटल तंत्रज्ञान, विद्यापीठीय शिक्षणातील

अध्यापन, परीक्षा, ग्रंथालय व कार्यालयीन कामकाज यांत होणारा संगणक, इंटरनेट व मोबाइलचा वापर. प्रस्तुत नोंदीत त्याचा विचार केडगावच्या संदर्भात केला आहे. केडगाव हे पुणे रस्त्यावरील अहिल्यानगरचे उपनगर (दौंड तालुक्यातील केडगाव वेगळे). येथील बहुतेक विद्यार्थी अहिल्यानगरमधील ज्या महाविद्यालयांत जातात, ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी (स्थापना १९४९) संलग्न आहेत आणि विद्यापीठाचे पुण्यातील मुख्यालय सुमारे १२० किमी. दूर आहे.

या अंतरामुळेच सर्वांत ठळक लाभ वर्गात नव्हे, तर कार्यालयीन कामात झाला. परीक्षा अर्ज, हॉल तिकीट, निकाल, उत्तरपत्रिकेची छायाप्रत यांसाठी आता पुण्याची एसटी पकडावी लागत नाही. मात्र शेवटच्या तारखेला ‘सर्व्हर डाऊन’ झाले की नेट कॅफेबाहेर रांग लागते. अभ्याससाहित्यही वाढले : एनपीटीईएलची ऑनलाइन व्याख्याने, शोधगंगा हे प्रबंधांचे भांडार व २०१७ मधील स्वयम् हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम्‌वरून करण्याची मुभा दिली. यातील बरीच व्याख्याने इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातून बी. ए. करणाऱ्यांना ही सोय बहुतांशी कागदावरच राहते.

तोटे परीक्षांत अधिक दिसले. केडगावबाहेरचे उदाहरण घ्यायचे तर, मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरवले. तयारी अपुरी होती. निकाल महिनोन्‌महिने रखडले व ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले. या प्रकरणात दोष यंत्राचा कमी, घाईचा जास्त होता. करोनाकाळात सर्वोच्च न्यायालयाच्या २८ ऑगस्ट २०२० च्या निकालानंतर अंतिम वर्षाच्या परीक्षा अटळ ठरल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुणे विद्यापीठाने या परीक्षा मुख्यतः ऑनलाइन, बहुपर्यायी प्रश्नांवर घेतल्या. ज्याच्याकडे स्वतःचा फोन आणि रेंज होती, त्याचे निभावले. विज्ञान शाखेचे नुकसान मोठे झाले, कारण टायट्रेशनसारखा रसायनशास्त्राचा प्रयोग पडद्यावर पाहता येतो, पण त्यावर हात बसत नाही. लिहिण्याची सवयही मोडली. २०२२ च्या उन्हाळी परीक्षा पुन्हा लेखी झाल्या, तेव्हा राज्यातील विद्यार्थ्यांना प्रश्नपेढी आणि दर तासाला १५ मिनिटे जादा देण्याचे ठरले.