ग्रंथ ते पीडीएफ : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखनाचा प्रसार आणि माहितीच्या मालकीचा प्रश्न (नागपूरच्या विशेष संदर्भात)

सारांश : संगणक, भ्रमणध्वनी आणि महाजाल यांच्या प्रसारामुळे ग्रंथाची प्रत कोणी काढावी, कोणी वाटावी आणि तिच्यावर कोणाचा हक्क असावा, हे प्रश्न दैनंदिन चर्चेचे विषय झाले आहेत. हे प्रश्न संगणकाने जन्मास घातले, असा सर्वसाधारण समज आढळतो. प्रस्तुत निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखनाच्या प्रकाशनेतिहासाच्या आधारे या समजाची तपासणी केली आहे. प्रत उपलब्ध होणे, पाठ विश्वसनीय असणे आणि त्या पाठात शोध घेता येणे या तीन भिन्न गोष्टी असून, मुक्त प्रसाराच्या चर्चेत त्यांची गल्लत होते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : स्वामित्वहक्क, अंकीय माध्यम, पाठनिश्चिती, युनिकोड, वसंत मून, नागपूर.

प्रस्तावना

दरवर्षी विजयादशमीला आणि १४ ऑक्टोबरला नागपूरच्या दीक्षाभूमीवर येणारा जनसमुदाय परतताना ग्रंथ घेऊन जातो. तेथील पुस्तकांची दुकाने हे त्या सोहळ्याचे अविभाज्य अंग आहे. अलीकडच्या काळात त्याच समुदायाच्या हातातील भ्रमणध्वनीवर तेच ग्रंथ पीडीएफ स्वरूपात फिरताना दिसतात. एक पक्ष म्हणतो, की बाबासाहेबांचे विचार समाजाचे आहेत. ते वाटण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही. दुसरा पक्ष म्हणतो, की फुकट प्रतींमुळे छोटे प्रकाशक व अनुवादक संपतील आणि चुकीचा मजकूर बाबासाहेबांच्या नावावर खपेल. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र हा वाद नीट समजून घ्यावयाचा तर त्याची ऐतिहासिक पार्श्वभूमी लक्षात घेणे अगत्याचे ठरते.

स्वप्रकाशनाचा काळ

प्रसाराची साधने दुसऱ्याच्या हाती असणे म्हणजे काय, याचा अनुभव बाबासाहेबांना प्रारंभापासून आला. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. त्यानंतर ‘बहिष्कृत भारत’ (१९२७), ‘जनता’ (१९३०) आणि ‘प्रबुद्ध भारत’ (१९५६) ही पत्रे निघाली. प्रस्थापित वृत्तपत्रांत ज्यांना जागा नव्हती, त्यांनी स्वतःची जागा निर्माण करण्याचा हा प्रयत्न होता.

‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथाची जन्मकथा या दृष्टीने उद्बोधक आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने १९३६ च्या अधिवेशनाचे अध्यक्षपद बाबासाहेबांना देऊ केले. परंतु भाषणाची संहिता वाचल्यानंतर मंडळाने काही भाग बदलण्याचा आग्रह धरला. बाबासाहेबांनी नकार दिला आणि अधिवेशन झाले नाही. त्यांनी ते न झालेले भाषण स्वतःच छापले. पंधराशे प्रतींची ती आवृत्ती दोन महिन्यांत संपली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी महात्मा गांधींनी ‘हरिजन’मधून केलेली टीका आणि तिला स्वतःचे उत्तर, दोन्ही समाविष्ट केले. प्रतिपक्षाचा मजकूरही वाचकापर्यंत पोहोचावा, ही भूमिका येथे दिसते. माहितीचा प्रसार म्हणजे केवळ आपल्या बाजूचा प्रसार नव्हे, हा धडा त्यातून मिळतो.

पेट्यांतील हस्तलिखिते आणि नागपूरचा वकील

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्या मागे अप्रकाशित हस्तलिखितांचा मोठा साठा राहिला. हे कागद प्रथम दिल्लीत न्यायालयीन अभिरक्षेत गेले आणि पुढे महाराष्ट्र शासनाच्या महाप्रशासक (अॅडमिनिस्ट्रेटर जनरल) कार्यालयाकडे आले. पेट्यांत बंद असलेले हे लेखन अनेक वर्षे वाचकांपासून दूर राहिले. ते नष्ट झाले नव्हते वा त्यावर बंदीही नव्हती. ते केवळ कोणाच्या तरी ताब्यात होते. माहितीवर पडणारे कुलूप पुष्कळदा असेच असते. त्यामागे द्वेष असतोच असे नाही. कार्यालयीन स्तब्धता पुरेशी होते.

ही स्तब्धता मोडण्याच्या प्रयत्नांत नागपूरचा वाटा महत्त्वाचा आहे. नागपूरचे वकील जे. बी. बनसोड यांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दावा दाखल केला व तो पुढे मुंबईस वर्ग झाला. हे लेखन राष्ट्रीय महत्त्वाचे असल्याने एकतर ते प्रकाशित करण्याची अनुमती मिळावी किंवा शासनास ते प्रकाशित करण्याचा आदेश द्यावा, अशी त्यांची मागणी होती. हस्तलिखितांची मालकी त्यांनी मागितली नव्हती. त्यांनी मागितले ते प्रकाशन. मालकी आणि उपलब्धता यांतील हा भेद आजच्या चर्चेत क्वचितच पाळला जातो.

दरम्यान महाराष्ट्र शासनाने १९७६ मध्ये साहित्य प्रकाशनासाठी समिती नेमली. नागपूरच्या वस्तीत वाढलेले, महसूल खात्यात अधिकारी असलेले वसंत मून (१९३२-२००२) यांच्याकडे विशेष कार्य अधिकारी म्हणून संपादनाची धुरा आली. १४ एप्रिल १९७९ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. पेट्यांतील हस्तलिखिते मिळाल्यावर त्यांतून १९८७ मध्ये तिसरा व चौथा आणि १९८९ मध्ये पाचवा खंड साकार झाला. ‘मूकनायक’ व ‘बहिष्कृत भारत’ यांच्या अंकांचे पुनर्मुद्रण १९९० मध्ये झाले.

मून यांच्या कार्याचे मोल खंडांच्या संख्येवरून ठरत नाही. हस्तलिखितांत एकाच प्रकरणाचे अनेक मसुदे होते, काही पाने गहाळ होती, काही प्रकरणांचा क्रम निश्चित नव्हता. त्यांतून वाचनीय पाठ उभा करणे आणि कोठे काय उणे आहे हे वाचकास प्रामाणिकपणे सांगणे, हे संपादकाचे काम होते. चौथ्या खंडातील ‘रिडल्स इन हिंदुइझम’ मधील राम-कृष्णविषयक परिशिष्टावरून १९८७-८८ मध्ये महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. ते परिशिष्ट काढण्याची मागणी झाली, तिच्याविरुद्ध मोर्चे निघाले. अखेरीस मजकूर कायम राहिला आणि त्यातील मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, अशा आशयाची टीप जोडण्यात आली. जो शासनयंत्रणेचा छापखाना ग्रंथ देतो, तोच दबावाखाली ग्रंथ रोखूही शकतो, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

कायद्याची रेषा

भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हक्क टिकत असे. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या साहित्यावरील हक्काची मुदत १९९१ अखेर संपत असताना ती वाढविण्याची मागणी झाली आणि १९९२ च्या दुरुस्तीने ती साठ वर्षे झाली. या दुरुस्तीचा परिणाम बंगालपुरता राहिला नाही. जुना नियम राहता तर बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ १ जानेवारी २००७ रोजी सर्वांसाठी खुले झाले असते. नव्या नियमामुळे ते १ जानेवारी २०१७ रोजी झाले.

येथेच दैनंदिन चर्चेतील एक मोठा गैरसमज आढळतो. २०१७ नंतर बाबासाहेबांचे सर्व लेखन मुक्त झाले, असे सरसकट म्हटले जाते. अधिनियमाच्या कलम २४ नुसार मात्र मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या साहित्याची साठ वर्षे प्रथम प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून मोजली जातात. या हिशेबाने १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ हा ग्रंथ २०१८ च्या प्रारंभी खुला झाला. १९८७ मध्ये प्रथम छापलेल्या ‘रिडल्स’ची मुदत २०४७ अखेर संपते, तर १९९० मध्ये पुस्तिकारूपाने आलेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनाची २०५० अखेर. म्हणजे जे लेखन पेट्यांत सर्वाधिक काळ अडकून पडले, तेच कायद्याच्या बंधनातही सर्वाधिक काळ राहते. उशिराचा दंड दुसऱ्यांदा वाचकालाच भरावा लागतो.

याखेरीज अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो. मूळ इंग्रजी ग्रंथ खुला झाला म्हणून त्याचा अलीकडील मराठी अनुवाद खुला होत नाही. संपादकीय टिपा व प्रस्तावना यांनाही हाच न्याय लागू होतो. दुसरीकडे, अध्यापनासाठी कायद्याने काही सवलती दिल्या आहेत. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अध्यापनाच्या ओघात होणाऱ्या प्रतींना कलम ५२ चे संरक्षण असल्याचे मान्य केले. महाविद्यालयीन अध्यापकांना हा निर्णय ज्ञात असणे आवश्यक आहे. कारण वर्गासाठी प्रत काढणे आणि बाजारासाठी प्रत काढणे यांत कायदा भेद करतो.

अंकीय काळ : प्रत आली, पाठाचे काय?

एकविसाव्या शतकात बाबासाहेबांचे इंग्रजी खंड महाजालावर आले. परराष्ट्र मंत्रालयाने ते आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापिका फ्रान्सिस प्रिचेट यांनी ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ची अभ्यासोपयोगी आवृत्ती संकेतस्थळावर सिद्ध केली. यामुळे भंडारा वा गडचिरोली येथील विद्यार्थ्यास जो ग्रंथ मिळविण्यासाठी नागपूर गाठावे लागे, तो घरबसल्या मिळू लागला. हा बदल लहान नव्हे.

मराठी मजकुराची स्थिती मात्र वेगळी राहिली. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही प्रमाण संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली व त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. परंतु मराठी छपाईत दीर्घकाळ प्रत्येक कंपनीच्या आज्ञावलीचा फाँट निराळा आणि त्याची अंतर्गत रचनाही निराळी होती. पडद्यावर ‘क’ दिसला तरी संगणकाच्या लेखी तेथे एखादे रोमन अक्षर वा चिन्ह असे. असा मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला, की निरर्थक चिन्हांची रांग उमटे. त्यातून तयार झालेली पीडीएफ वाचता येते. तिच्यात शब्द शोधता येत नाही, उतारा घेता येत नाही, दृष्टिहीन वाचकासाठी ती यंत्राकरवी वाचूनही घेता येत नाही. केवळ पानांची छायाचित्रे असलेल्या पीडीएफची गतही अशीच असते. अक्षर ओळखणाऱ्या मुक्त आज्ञावलींमुळे हे अंतर कमी होत असले, तरी जोडाक्षरे व पुसट छपाई यांमुळे यंत्राने ओळखलेला मजकूर मानवी डोळ्याखालून घालावाच लागतो.

तिसरा प्रश्न विश्वसनीयतेचा आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात केलेले, धर्मांतरासाठी नागपूर का निवडले हे सांगणारे भाषण मराठीत झाले व ‘प्रबुद्ध भारत’च्या २७ ऑक्टोबर १९५६ च्या अंकात छापले गेले. खंडमालेत त्याचा पाठ उपलब्ध आहे. तरीही समाजमाध्यमांवर बाबासाहेबांच्या नावे अशी वाक्ये फिरतात, ज्यांना खंड, पृष्ठ वा दिनांक यांचा आधार दिलेला नसतो. प्रत विनामूल्य झाली, म्हणून पाठ आपोआप शुद्ध होत नाही. उलट, प्रत काढणे जितके सुलभ, तितकी चुकीच्या पाठाची गतीही वाढते. मून यांनी मसुदे ताडून पाहण्यासाठी जी वर्षे वेचली, त्यांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर अधिक ठळकपणे जाणवते.

छापील ग्रंथाची आवश्यकता

महाजालावर सर्व मिळते, मग छपाई कशासाठी, असाही युक्तिवाद केला जातो. २०२१ मधील घटना त्यास उत्तर देते. वाढती मागणी पाहून शासनाने खंडांच्या नऊ लाख प्रती छापण्याचे ठरविले, ५ कोटी ४५ लाख रुपयांचा कागद खरेदी केला, परंतु चार वर्षांत अवघ्या ३३ हजार प्रती छापल्या गेल्या, असे वृत्त ‘लोकसत्ता’ने दिले. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेऊन ते जनहित याचिका म्हणून विचारात घेतले. पीडीएफ सर्वत्र उपलब्ध असतानाही छापील खंडांची मागणी टिकून होती, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्या घरात पहिल्यांदा ग्रंथ येतो, त्या घरात तो केवळ माहितीचा साठा नसतो. तो पुढील पिढीसाठी ठेवलेला वारसा असतो.

पेट्यांतील हस्तलिखितांसाठी एकदा आणि कोठारातील कागदासाठी पुन्हा एकदा, असा दोनदा हा विषय उच्च न्यायालयासमोर गेला. मधल्या काळात तंत्रज्ञान आमूलाग्र बदलले. अडथळ्याचे स्वरूप बदलले नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, माहितीच्या मुक्त प्रसाराचा वाद संगणकापूर्वीचा असून, १९३६ च्या स्वप्रकाशनात आणि नागपूरच्या वकिलाच्या दाव्यात त्याची मुळे दिसतात. दुसरी, ‘सर्व मुक्त आहे’ आणि ‘काहीच मुक्त नाही’ ही दोन्ही विधाने कायद्याच्या कसोटीवर टिकत नाहीत. प्रत्येक ग्रंथाचे प्रकाशनवर्ष तपासावे लागते. तिसरी, मुक्ततेला पाठशुद्धीची जोड नसेल तर ती ज्याच्या विचारांसाठी आहे त्याच्यावरच अन्याय करते.

विदर्भातील महाविद्यालयांना या संदर्भात प्रत्यक्ष कार्य करता येण्याजोगे आहे. खुल्या झालेल्या लेखनाचा युनिकोड पाठ मूळ मुद्रणाशी ताडून सिद्ध करणे, प्रत्येक अवतरणास खंड व पृष्ठ देण्याचा आग्रह वर्गात धरणे आणि ग्रंथालयात छापील खंड उपलब्ध ठेवणे, ही कामे अल्प खर्चात होऊ शकतात. दीक्षाभूमीवरून ग्रंथ घेऊन परतणारा वाचक आणि भ्रमणध्वनीवर तोच ग्रंथ उघडणारा त्याचा मुलगा, दोघांच्याही हाती एकच आणि खरा पाठ असावा, एवढीच यामागील अपेक्षा आहे.