संगणक-साहाय्यित संयंत्र आरेखन

संगणक-साहाय्यित संयंत्र आरेखन म्हणजे तेलशुद्धीकरण कारखाने, रासायनिक कारखाने, वीजनिर्मिती केंद्रे इत्यादी औद्योगिक संयंत्रांची आखणी व अभियांत्रिकी संगणक प्रणालींच्या साहाय्याने करण्याची पद्धत होय.

इतिहास

पूर्वी नळमार्गांची रेखाचित्रे हाताने काढली जात. मोठ्या प्रकल्पांसाठी प्लास्टिकच्या लहान प्रतिकृतीही बनवीत. ब्रिटिश सरकारने १९६०च्या दशकात केंब्रिज येथे संगणक-साहाय्यित आरेखनाचे केंद्र स्थापन केले. तेथे १९७०च्या दशकात ‘पीडीएमएस’ ही त्रिमितीय प्रणाली विकसित झाली. या केंद्राचे पुढे ‘अ‍ॅव्हिवा’ या कंपनीत रूपांतर झाले. याच दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत रासायनिक प्रक्रियांच्या सदृशीकरणासाठी ‘अ‍ॅस्पेन’ हा प्रकल्प हाती घेण्यात आला.

कार्यपद्धती

प्रथम प्रक्रियेचे सदृशीकरण करून प्रवाह, तापमान व दाब निश्चित करतात. त्यावरून प्रवाह आकृती आणि नळ व मापनयंत्रांची आकृती तयार होते. त्यानंतर यंत्रसामग्री, नळ व पोलादी सांगाडे यांचे त्रिमितीय प्रारूप उभारले जाते. प्रत्येक झडप वा नळ हा केवळ रेषांचा समूह नसून आकारमान, धातू, दाबमर्यादा इत्यादी माहितीसह विदागारात नोंदलेला घटक असतो. त्यामुळे सामग्रीची यादी व जोडकामाची रेखाचित्रे प्रारूपातूनच मिळतात. दोन घटक एकाच जागेत येत असल्यास ते ‘क्लॅश’ तपासणीत आढळते. उष्णतेने प्रसरण पावणाऱ्या नळांवरील ताण स्वतंत्र प्रणालीने तपासतात. निरनिराळ्या प्रणालींमधील माहितीच्या देवाणघेवाणीसाठी ‘आयएसओ १५९२६’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे.

महत्त्व व मर्यादा

इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील रासायनिक कारखान्यात १ जून १९७४ रोजी झालेल्या स्फोटात २८ जण मृत्युमुखी पडले. तडा गेलेले एक अभिक्रियापात्र काढून त्याच्या जागी बसवलेला तात्पुरता नळ निकामी झाला होता. त्या नळाची आखणी कार्यशाळेच्या जमिनीवर खडूने केलेली होती आणि त्यावरील ताणांचे आवश्यक गणित झालेले नव्हते. अशी गणिते आज संगणकावर अल्पावधीत होतात. मात्र ती करण्याचा निर्णय अभियंत्यालाच घ्यावा लागतो. चुकीची माहिती भरल्यास निष्कर्षही चुकतो. तसेच दुरुस्त्यांमुळे प्रत्यक्ष संयंत्र व प्रारूप यांत तफावत पडते. जुन्या संयंत्रांत फेरबदल करण्यापूर्वी लेझर क्रमवीक्षणाने प्रत्यक्ष मोजमाप घेण्यात येते, ते याच कारणाने.