संघ मोडावा की सांभाळावा?

अमेरिकेत जुलै महिना आला की बेसबॉलच्या चाहत्यांत एक वाद हमखास रंगतो. आपला संघ तळाला लोळतोय, यंदा काही खरं नाही. मग जे चार चांगले खेळाडू आहेत ते दुसऱ्या संघांना देऊन त्यांच्या बदल्यात विशीतली होतकरू पोरं घ्यावीत आणि नव्याने सुरुवात करावी, की आहे त्याच संघाला ठिगळं लावून रेटावं? अदलाबदलीची मुदत जुलैच्या शेवटाला संपत असल्यामुळे वाद तोवर चांगलाच तापतो.

आपल्याकडे हा प्रश्न फारसा पडत नाही. आयपीएलमध्ये दर तीन-चार वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि सगळ्यांचीच पाटी बरीचशी कोरी होते. बेसबॉलमध्ये तसं नाही. तिथे पाटी आपल्या हाताने पुसावी लागते. आणि आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा मोह चांगलाच ओळखीचा! 'जुना कोड फेकून देऊ, सगळं नव्याने लिहू' म्हणणारा एक तरी गडी प्रत्येक टीममध्ये असतोच.

तर मंडळी, या प्रश्नाचं उत्तर शोधायला एकाच क्लबचा इतिहास पुरेसा आहे. क्लबचं नाव अ‍ॅथलेटिक्स. आधी फिलाडेल्फिया, मग कॅन्सस सिटी, मग ओकलंड. या क्लबने आपला संघ इतक्या वेळा मोडलाय की त्यावर एखादा कोर्स काढता येईल.

सुरुवात कॉनी मॅकपासून करू. हा गृहस्थ १९०१ ते १९५०, म्हणजे तब्बल पन्नास हंगाम या संघाचा मॅनेजर होता, शिवाय क्लबमध्ये त्याची मालकीही होती. १९१०, १९११ आणि १९१३ साली त्याचा संघ वर्ल्ड सिरीज जिंकला. १९१४ ला ९९ सामने जिंकून पुन्हा अंतिम फेरीत गेला, आणि तिथे बोस्टन ब्रेव्ह्जकडून ४-० असा सपाटून हरला.

त्याच वर्षी फेडरल लीग नावाची नवी स्पर्धक लीग सुरू झाली होती आणि ती खेळाडूंना भरमसाट पगार देऊ करत होती. एरवी त्या काळात क्लबने सोडल्याशिवाय खेळाडूला दुसरीकडे जाताच येत नसे. त्यामुळे पगार मालक म्हणेल तो. आता अचानक खेळाडूंना भाव आला. इकडे संघ जिंकत असूनही मॅकचं मैदान रिकामं पडत चाललं होतं. १९१४ मध्ये पूर्ण हंगामात जेमतेम साडेतीन लाख प्रेक्षक आले. मॅकने हिशोब केला आणि संघ मोडायला काढला. एडी प्लँक आणि चीफ बेंडर हे दोन मोठे पिचर फेडरल लीगकडे गेले. एडी कॉलिन्सला शिकागोने ५० हजार डॉलरला घेतलं. जॅक बॅरी बोस्टनला विकला. फ्रँक बेकर पगारावरून भांडून १९१५ चा अख्खा हंगाम घरी बसला, मग त्याला न्यूयॉर्कला विकून टाकलं.

निकाल काय? १९१५ मध्ये ४३ विजय, १०९ पराभव. १९१६ मध्ये ३६ विजय, ११७ पराभव. आधुनिक बेसबॉलमध्ये, म्हणजे १९०१ पासून, विजयाचं इतकं कमी प्रमाण दुसऱ्या कुठल्याही संघाचं नाही. १९१५ ते १९२१ अशी सलग सात वर्षं संघ शेवटच्या जागी. उलट बॅरीला घेणारं बोस्टन १९१५ ला आणि कॉलिन्सला घेणारं शिकागो १९१७ ला वर्ल्ड सिरीज जिंकलं.

यात एक बारीक गोष्ट सहज नजरेतून सुटते. या मोडतोडीत मॅकने फक्त महागडे, वय झालेले खेळाडूच घालवले असं नाही. हर्ब पेनॉक नावाचा २१ वर्षांचा पिचर त्याने १९१५ मध्ये किरकोळ रकमेत बोस्टनला जाऊ दिला. हाच पेनॉक पुढे यँकीजकडून गाजला आणि हॉल ऑफ फेममध्ये गेला. मोडायची सवय लागली की काय ठेवायचं याचं भान सुटतं, ते असं.

बरं, पण गोष्ट इथे संपत नाही. मॅक चिकाटीचा माणूस. १९२० नंतर बेसबॉलला बरे दिवस आले, तसा त्याने पैसा पुन्हा खेळाडूंत ओतायला सुरुवात केली. लेफ्टी ग्रोव्ह हा पिचर त्याने बाल्टिमोरच्या छोट्या लीगमधल्या क्लबकडून १ लाख ६०० डॉलरला घेतला. अल सिमन्स आला, मिकी कॉक्रेन आला. आणि जिमी फॉक्स? तो पोरगा मॅककडे पाठवला फ्रँक बेकरने! होय, तोच पगारावरून भांडलेला बेकर. १९२४ मध्ये तो मेरीलँडमधल्या ईस्टन गावच्या संघाचा मॅनेजर होता. यातून उभ्या राहिलेल्या संघाने १९२९ आणि १९३० ची वर्ल्ड सिरीज जिंकली. १९३१ ला १०७ सामने जिंकून अंतिम फेरीत तो सेंट लुईस कार्डिनल्सकडून हरला.

म्हणजे संघ मोडून नव्याने बांधणं जमतं. फक्त एका अंतिम फेरीपासून पुढच्या अंतिम फेरीपर्यंत मध्ये १५ वर्षं गेली. १९१४ ला दहा वर्षांचा असलेला चाहता तोवर पंचविशीचा झाला होता.

मग महामंदी आली. प्रेक्षक आटले, बँका कर्ज परत मागू लागल्या. मॅकने तेच जुनं औषध काढलं. १९३२ मध्ये सिमन्ससह तिघे शिकागोला एक लाख डॉलरला. १९३३ च्या डिसेंबरात ग्रोव्ह बोस्टनला आणि कॉक्रेन डेट्रॉइटला. १९३५ मध्ये फॉक्सही बोस्टनला. कॉक्रेनने खेळाडू आणि मॅनेजर अशा दुहेरी भूमिकेत १९३५ मध्ये डेट्रॉइटला वर्ल्ड सिरीज जिंकून दिली. त्याच १९३५ पासून पुढच्या १२ हंगामांत अ‍ॅथलेटिक्स ९ वेळा तळाला राहिले. १९५४ मध्ये क्लब विकला गेला आणि कॅन्सस सिटीला गेला. फिलाडेल्फियाने संघ कायमचा गमावला.

माणूस तोच, औषध तेच. मग दुसऱ्या वेळी गुण का आला नाही? मला दोन कारणं दिसतात. एक म्हणजे या वेळी आलेला पैसा देणी भागवण्यात गेला, त्यातून नवे खेळाडू उभे राहिले नाहीत. दुसरं जास्त महत्त्वाचं. दरम्यान बाजारच बदलला होता. सेंट लुईसच्या ब्रँच रिकीने छोट्या लीगमधले क्लबच ताब्यात घेऊन तिथे आपली पोरं तयार करायला सुरुवात केली होती, आणि यँकीजनीही तोच रस्ता धरला. पूर्वी मॅक मोकळ्या बाजारातून ग्रोव्ह विकत आणू शकला. आता असे 'ग्रोव्ह' बाजारात येण्याआधीच कुणाचे तरी झालेले असत. मॅककडे ना पैसा होता, ना तसं जाळं.

क्लब ओकलंडला आल्यावर १९७२, १९७३, १९७४ अशी सलग तीन विजेतेपदं मिळाली. पण १९७५ च्या अखेरीस खेळाडूंना करार संपल्यावर मोकळं होण्याचा हक्क मिळाला आणि मालक चार्ली फिनली घाबरला. जून १९७६ मध्ये त्याने तिघांना एकूण ३५ लाख डॉलरला विकायला काढलं. कमिशनर बोवी कून यांनी हे सौदे रद्द केले. खेळाडू देऊन नुसती रोकड घेतली तर संघात उरणार काय, हा मुद्दा तेव्हा थेट कोर्टापर्यंत गेला आणि कून जिंकले. फिनलीच्या पदरात काहीच पडलं नाही. हंगाम संपताच बरेचसे खेळाडू फुकट निघून गेले आणि १९७७ मध्ये संघ त्याच वर्षी जन्मलेल्या सिअ‍ॅटलच्याही खाली, तळाला गेला. म्हणजे विकू न देणं हाही काही उपाय नव्हे.

आता कोणी म्हणेल, ह्यूस्टनचं काय? त्यांनी २०११ ते २०१३ मध्ये अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने गमावले आणि २०१७ ला वर्ल्ड सिरीज जिंकली. (पुढे खुणा चोरल्याचं उघड झालं आणि त्या विजयाला डाग लागला, तो विषय वेगळा.) पण नीट बघा. २०१७ चा सर्वोत्तम खेळाडू होसे अल्तुवे, जॉर्ज स्प्रिंगर, डॅलस कायकल हे तिघेही नवा जनरल मॅनेजर डिसेंबर २०११ मध्ये यायच्या आधीपासूनच क्लबचे होते. तळाला राहून सलग तीन वर्षं पहिली निवड मिळाली. त्यातला कार्लोस कोरेया मोठा झाला, दुसरा ह्यूस्टनसाठी एकही सामना खेळला नाही, तिसऱ्याशी करारच झाला नाही. म्हणजे हरण्यातून जेवढं मिळालं, जवळजवळ तेवढंच न विकण्यातून मिळालं.

माझं मत असं आहे. संघ मोडणं हे बांधणं नव्हे, ती फक्त बांधायची किंमत आहे. त्या किमतीत काय घेणार, घेतलेल्या पोरांना तयार कोण करणार आणि कुणाला कुठल्याही भावात विकायचं नाही, ही तीन उत्तरं तयार असतील तर खुशाल विका. नसतील तर ती नुसती मोड आहे, भंगारवाला करतो तशी.

आणि ही किंमत भरतो कोण? मालक नाही. ओकलंडने २०२२ च्या मार्चमध्ये पुन्हा एकदा आपले मोठे खेळाडू इतरांना दिले, आणि २०२३ मध्ये ११२ सामने गमावले. त्या १३ जूनला, एरवी ओस पडणाऱ्या त्या मैदानात सुमारे २८ हजार लोक मुद्दाम आले आणि एकच घोषणा देत राहिले, 'संघ विका!' खेळाडू खूप विकून झाले, आता मालकानेच संघ विकावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मालकाने तेवढं मात्र विकलं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अ‍ॅथलेटिक्स ओकलंडमधला शेवटचा सामना खेळले आणि तेही शहर सोडून गेले.

असो. पुढच्या जुलैत वाद पुन्हा रंगेलच.