कामगार संघटना : उत्पादकतेला साथ की अडसर?

घोड नदीकाठच्या इनामगावचा परिसर उसाचा, तर त्याच शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत. एकीकडे हंगामी साखर कामगार, दुसरीकडे पाळ्यांमध्ये राबणारा यंत्रकामगार. संघटना आली की काम मंदावते, हा अनेक व्यवस्थापनांचा समज. संघटनेवाचून वाली नाही, ही कामगारांची भावना. प्रत्यक्षात संघटनेचा कामगिरीवरील परिणाम दुहेरी असतो.

दोन बाजू
अमेरिकी अर्थतज्ज्ञ रिचर्ड फ्रीमन व जेम्स मेडॉफ यांनी १९८४ मध्ये संघटनेची दोन रूपे मांडली. पहिले मक्तेदारीचे : वेतनवाढीचा दबाव, कामाच्या वाटपावरील बंधने, संपामुळे बुडणारे उत्पादन. दुसरे सामूहिक आवाजाचे : एकट्याने तक्रार केल्यास नोकरी जाण्याची भीती असते, संघटनेमार्फत तीच तक्रार निर्भयपणे मांडता येते. त्यामुळे नोकरी सोडण्याचे प्रमाण घटते, अनुभव टिकतो आणि प्रशिक्षणावरील खर्च वाया जात नाही.

महाराष्ट्रातील अनुभव
नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुटीची मागणी केली. १८९० मध्ये रविवारची सुटी मान्य झाली. थकलेल्या हातांकडून चांगले काम होत नाही, हे त्यामागील साधे सत्य होते.

साखर कामगारांचे वेतन शासन, कारखाने व संघटना यांच्या त्रिपक्षीय समितीत ठरत आले आहे. गाळप संपल्यावर हंगामी कामगारांना मिळणारा धारणा भत्ता, म्हणजेच ‘रिटेन्शन’, हा कळीचा मुद्दा. साखर उकळण्याच्या पॅनवरील जाणता कामगार पुढील हंगामात परत येणे कारखान्याच्याही हिताचे असते.

उलट, १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटींचा अधिकार मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच होता. कामगारांचा विश्वास एका नेत्यावर आणि कायद्याची मान्यता दुसऱ्या संघटनेला, अशा कोंडीत तोडगा निघाला नाही. असंख्य कुटुंबे उद्ध्वस्त झाली.

खरा प्रश्न प्रातिनिधिकतेचा
मान्यतेसाठी महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने ३० टक्के सदस्यत्वाची अट घातली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत, एकाहून अधिक संघटना असल्यास, एकमेव वाटाघाटी संघटना ठरण्यासाठी ५१ टक्के पाठिंब्याची तरतूद आहे. मात्र कंत्राटी कामगार या मोजदादीबाहेर राहिला, तर त्याचा आवाज पुन्हा दबतो.

संघटना असणे किंवा नसणे यावर कामगिरी ठरत नाही. संघटना खरोखर कामगारांची आहे का, व्यवस्थापन तिचे ऐकते का आणि झालेला करार दोन्ही बाजू पाळतात का, यावर ती ठरते.