नांगराची निशाणी

‘लुक बिफोर यू लीप’ या इंग्रजी वाक्प्रचारात उडी घेण्याआधी खोली पाहण्याचा उपदेश आहे, आणि पाहणाऱ्याला ती खोली दिसते हे त्यात गृहीतच धरलेले आहे. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, या मराठी म्हणीतला सावधपणा मात्र चटका बसल्यानंतरचा आहे. शिरूर तालुक्यातील आणि त्या काळी भीमथडी तालुक्यात मोडणाऱ्या आजच्या दौंड परिसरातील कुणब्यांच्या वाट्याला एकोणिसाव्या शतकात हाच सावधपणा आला.

निरक्षर कुणबी कर्जरोख्यावर, म्हणजे कर्जाच्या लेखी कबुलीवर, सहीऐवजी नांगराची निशाणी करी; वरचा मजकूर सावकाराच्या बाजूने लिहिलेला असे आणि तो त्याला वाचता येत नसे. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्याला ३ वर्षांची मर्यादा घातली. कर्जदाराच्या सोयीसाठी केलेली ही तरतूद उलटली, कारण मुदत संपत आली की थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाई आणि त्यावर पुन्हा नांगर उमटे. अमेरिकेतील यादवी युद्धाने चढलेला कापसाचा भाव १८६५ नंतर कोसळला, सारावाढ झाली आणि सावकारांनी हात आखडता घेतला, तेव्हा या कागदांचे खरे वजन कळले.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे येथे काळूराम नावाच्या सावकाराने १५० रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुखांविरुद्ध हुकूमनामा मिळवला, आणि गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे दंगल उसळली. जमावाचा रोख मुख्यतः रोखे आणि वह्या यांवर होता. ते हाती आले की जाळले जात, आणि जिथे सावकाराने ते मुकाट्याने दिले तिथे मारहाण क्वचितच झाली, ही गोष्ट या उठावाचा हेतू पुरेसा स्पष्ट करते.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्याचा दस्त ग्रामनिबंधकासमोरच व्हावा आणि त्यातील आशय त्याला समजला आहे याची निबंधकाने खात्री करून घ्यावी, असे ठरवले; परतफेडीची पावती देणेही सावकारावर बंधनकारक झाले. न वाचता येणाऱ्याच्या वतीने पाहण्याचे काम येथे प्रथमच राज्यसंस्थेने अंगावर घेतले, आणि म्हणून हे कलम कायद्यातील सर्वांत माणुसकीचे म्हणावे लागते. मात्र न्यायालये आता रोख्यामागचा सारा व्यवहार तपासू लागल्यामुळे सावकारही सावध झाले, आणि गहाणखताऐवजी थेट खरेदीखत मागून जमीन परत देण्याचे वचन केवळ तोंडी देऊ लागले.