कीटकनाशकांचा परवाना आणि शेताचा बांध

शहरांतील एखाद्या घराच्या चौकटीला वाळवी लागली, किंवा उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरांत झुरळें माजलीं, म्हणजे औषध मारण्यासाठीं धंदेवाईक मंडळींना बोलावण्यांत येतें. पाठीवर टांकी, हातांत नळी आणि तोंडावर पट्टी असा इसम दारांत उभा राहिला कीं घरांतील बायका भांडीं झांकून ठेवतात व मुलांना शेजारीं धाडतात. त्या इसमाच्या मालकाजवळ सरकारी परवाना असावा लागतो, ही गोष्ट मात्र थोड्याच कुटुंबांना ठाऊक असते. हा परवाना मागतांच मिळणारा नव्हे. हा धंदा चालविणाऱ्यांपैकीं निदान एकजण कृषि शाखेचा, किंवा रसायन हा विषय घेतलेला विज्ञान शाखेचा पदवीधर असावा लागतो. शिवाय त्यानें म्हैसूर, हापुड किंवा हैदराबाद येथील नेमलेल्या संस्थेंत कमींत कमी पंधरा दिवसांचें शिक्षण घेतलेलें असावें लागतें. धान्याच्या गोदामाला विषारी वायूची धुरी द्यावयाची असेल तर निर्बंध याहूनही कडक आहेत.

नेमक्या त्याच वेळीं विदर्भांतील एखाद्या कपाशीच्या शेतांत, झुरळांच्या औषधाहून कितीतरी जहाल विष पाठीवर घेऊन एखादा मजूर चालत असतो. त्याला पदवी लागत नाहीं, शिक्षण लागत नाहीं आणि परवाना तर मुळींच लागत नाहीं. दोन्ही ठिकाणीं कायदा एकच आहे. जेथें धोका कमी तेथें परवाना, आणि जेथें धोका अधिक तेथें मोकळीक, हा प्रकार समजून घ्यावयाचा असेल तर या कायद्याचा जन्म कसा झाला तें पाहिलें पाहिजे.

जुन्या शेतकऱ्याच्या हातीं विषें नव्हतीं असें नाहीं. परंतु तीं मोजकीं होतीं आणि बहुतेक डोळ्यांना ओळखूं येणारीं होतीं. द्राक्षांवर भुरी पडली तर गंधकाची पूड धुरळीत. फ्रान्समध्यें बोर्दो शहराच्या आसपासचे बागाईतदार रस्त्याकडेच्या वेलांवर मोरचूद व चुना यांचें मिश्रण शिंपडीत, तें खरें म्हणजे वाटसरूंनीं द्राक्षें चोरूं नयेत म्हणून. त्या वेलांवरच रोग नाहीं, हें मिलार्दे नांवाच्या प्राध्यापकाच्या नजरेस आलें आणि १८८५ सालीं त्यानें तें शास्त्रीय रीतीनें प्रसिद्ध केलें. चोरांच्या भीतीनें लागलेला हा शोध पुढें म्हैसूर संस्थानांत पोहोंचला. तेथील शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनीं १९१० च्या सुमारास सुपारीच्या कोळेरोगावर हेंच बोर्दो मिश्रण वापरून दाखविलें. अमेरिकेंत बटाट्यावरील किड्यांसाठीं सोमलाचीं संयुगें वापरांत आलीं, तीं मात्र खरोखरीच जहाल होतीं. तरीही १९१० सालीं अमेरिकेनें कीटकनाशकांचा पहिला देशव्यापी कायदा केला, तो माणसांना विषबाधा होते म्हणून नव्हे. डब्यावर एक नांव आणि आंत भलतेंच, अशी फसवणूक फार होऊं लागली म्हणून. आपल्याकडे १९१४ चा कायदा परदेशांतून येणाऱ्या किडींना बंदरावर अडविण्यासाठीं होता, आणि १९१९ चा विषांचा कायदा मुख्यतः विषें जवळ बाळगण्यावर व विकण्यावर नजर ठेवण्यासाठीं होता. फवारणाऱ्या माणसाचा विचार यांपैकीं कशांतच नव्हता, आणि त्या काळीं त्याची गरजही फारशी भासली नसावी.

दुसऱ्या महायुद्धानें हें सारें पालटलें. १९३९ सालीं स्वित्झर्लंडांत पॉल म्यूलर यांनीं डी. डी. टी. चा कीटकनाशक गुण शोधून काढला व त्याबद्दल १९४८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. या औषधानें हिवतापावर केलेलें काम कोणी नाकारूं नये. मुंबई इलाख्यांत डॉ. विश्वनाथन यांनीं १९४५-४६ च्या सुमारास धारवाड व कानडा जिल्ह्यांतील घराघरांतून त्याची फवारणी करविली, आणि पुढें १९५३ सालीं साऱ्या देशासाठीं हिवताप-नियंत्रणाची मोहीम निघाली. पण त्याच सुमारास दुसऱ्या एका जातीचीं विषें जगांत आलीं होतीं. जर्मनींत गेऱ्हार्ड श्रेडर हे रसायनशास्त्रज्ञ किडे मारण्याचें औषध शोधीत असतां १९३६ सालीं त्यांच्या हातीं असें द्रव्य लागलें कीं तें लष्करानें युद्धवायु म्हणून उचललें. त्याच कुळांतील पॅराथिऑन हें द्रव्य १९४४ मध्यें निघालें आणि युद्ध संपल्यावर तें शेतांत आलें.

या कुळाचें विष शरीरांत काय करतें हें समजलें तर पुढील सर्व नियमांचें कारण उलगडतें. मज्जातंतूनें स्नायूला हुकूम दिला म्हणजे एक द्रव्य उत्पन्न होतें, आणि काम होतांच कोलिनेस्टरेज नांवाचें दुसरें द्रव्य त्याचा नायनाट करतें. विष या दुसऱ्या द्रव्यालाच बांधून टाकतें. मग हुकूम थांबतच नाहीं. बाहुल्या टाचणीच्या टोंकाएवढ्या होतात, घाम व लाळ वाहूं लागते, ओकाऱ्या होतात, स्नायू फडफडतात आणि अखेर श्वास बंद पडतो. यांत दगा असा कीं विष पोटांत जावयासच पाहिजे असें नाहीं. ओल्या सदऱ्यांतून, घामेजलेल्या पाठीवरून, गळक्या पंपाच्या तोंडाशीं भिजलेल्या बोटांवाटे तें अंगांत मुरतें. आणि रोज थोडें थोडें मुरलें तर रक्तांतील कोलिनेस्टरेज गुपचुप घटत जातें. माणूस चार दिवस धडधाकट दिसतो व पांचव्या दिवशीं कोसळतो. सोमलाच्या काळांतील शेतकऱ्याची सारी सावधगिरी तोंडाशीं होती. नव्या विषापासून कातडी संभाळावयाची होती, आणि तें त्याला कोणी सांगितलें नव्हतें.

इंग्लंडांत हा धडा मजुरांच्या मरणानें मिळाला. तेथें गव्हाच्या शेतांतील तण मारण्यासाठीं वापरीत असलेल्या एका पिवळ्या द्रव्यानें, तसेंच नव्या कीटकनाशकांनीं, फवारणाऱ्या मजुरांचे बळी घेतले. सॉली झुकरमन यांच्या अध्यक्षतेखालील मंडळानें चौकशी करून १९५१ सालीं अहवाल दिला, आणि लगेच पुढल्याच वर्षीं विषारी द्रव्यांचा शेतकी कायदा झाला. त्याचें वैशिष्ट्य असें कीं त्यानें दुकानापासून आरंभ केला नाहीं. शेतमजुराच्या अंगरख्यापासून व हातमोज्यांपासून केला. अमेरिकेची वाट निराळी. तेथें १९४७ च्या कायद्यानें नोंदणी व डब्यावरील मजकूर यांवर भर दिला. १९६२ सालीं रेचेल कार्सन यांच्या पुस्तकानें लोकमत ढवळून निघालें, आणि १९७२ च्या दुरुस्तीनें औषधांचे दोन वर्ग पडले. पहिला वर्ग कोणासही वापरतां येईल असा, आणि दुसरा केवळ प्रमाणित इसमानें किंवा त्याच्या देखरेखीखालीं वापरावयाचा. मग तो धंदेवाईक असो कीं स्वतःच्या शेतांत फवारणारा शेतकरी असो. ही शेवटची गोष्ट विशेष लक्ष देण्याजोगी आहे.

हिंदुस्थानांत जाग आली ती शेतांतून नव्हे, स्वयंपाकघरांतून आली. १९५८ च्या एप्रिल-मे महिन्यांत केरळांत गव्हाच्या पिठाचे पदार्थ खाऊन माणसें भराभर आजारी पडूं लागलीं. शंभराहून अधिक माणसें दगावलीं. लगतच्या मद्रास राज्यांतही बळी पडले. तपासाअंतीं उघडकीस आलें तें इतकें साधें होतें कीं विश्वास बसूं नये. खाद्यपदार्थांचीं पोतीं आणि पॅराथिऑनचे डबे यांची एकाच जहाजांतून वाहतूक झाली होती. डबे पाझरले आणि विष पोत्यांत उतरलें. हा अपघात एकट्या हिंदुस्थानचा नाहीं. १९५६ सालीं वेल्समध्यें असेंच पीठ आगगाडीच्या डब्यांत सांडलेल्या विषानें बाधलें होतें, आणि १९६७ मध्यें कोलंबियांत पुन्हां पॅराथिऑन व पुन्हां पीठ अशी गांठ पडून कित्येक बालकें मेलीं. परंतु केरळची हानि त्यांत मोठी होती. मध्यवर्ती सरकारनें मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति जे. सी. शहा यांचा चौकशी आयोग नेमला. हेच शहा पुढें भारताचे सरन्यायाधीश झाले.

आयोगाचा अहवाल आला, पण कायदा होण्यास दहा वर्षें लागलीं. मध्यंतरीं १९६४ सालीं प्रा. ठक्कर यांच्या अध्यक्षतेखालीं तज्ज्ञांची आणखी एक समिति बसली. अखेर १९६८ सालीं कीटकनाशकांचा कायदा संमत झाला, आणि त्याचे नियम निघून तो अंमलांत येईपर्यंत १९७१ साल उजाडलें. इंग्लंडांत अहवालापासून कायद्यापर्यंत एक वर्ष लागलें होतें. हरित क्रांतीच्या त्या घाईंत औषधांचे पिंप रेल्वेनें खेडोपाडीं जात होते, आणि कायदा मात्र बैलगाडीनें येत होता, असें म्हटलें तर तें कठोर होईल पण खोटें होणार नाहीं.

जो कायदा आला तो पुष्कळ अंशीं चांगला आहे. नोंदणी झाल्याखेरीज औषध करतां येत नाहीं किंवा आणतां येत नाहीं. परवान्याशिवाय विकतां येत नाहीं. डब्यावर चौकट उभी करून तिचे दोन त्रिकोण पाडावयाचे आणि खालच्या त्रिकोणाला रंग द्यावयाचा, ही योजना तर निरक्षर माणसालाही कळावी अशी आहे: लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्यावर कवटी व हाडें, मग पिवळा, निळा आणि हिरवा. अन्नाबरोबर विषाची वाहतूक करूं नये, हा केरळचा धडा नियमांत सरळ उतरला आहे. फवारणी करणाऱ्यांचीही नियमांना आठवण आहे. त्यांनीं अंगभर कपडे, हातमोजे, बूट वापरावे, नाकातोंडावर साधन लावावें, कामावर घेण्यापूर्वीं त्यांची वैद्यकीय तपासणी व्हावी आणि या कुळाच्या विषाशीं संबंध येत असेल तर रक्तांतील कोलिनेस्टरेज वेळोवेळीं मोजावें, असें सारें लिहिलेलें आहे.

मग येतें कलम ३८. स्वतःच्या घरासाठीं, परसबागेसाठीं किंवा स्वतःच्या वहिवाटींतील जमिनीसाठीं कोणी कीटकनाशक वापरील तर त्याला हा कायदा लागू नाहीं, असें हें कलम सांगतें. त्यामागील अडचण उघड आहे: कोट्यवधि शेतकऱ्यांच्या मागें निरीक्षक कोठून आणावयाचे, आणि गरीब कुणब्याला दंड करून काय साधावयाचें? हा विचार दयेचा होता असें मानलें तरी त्याचा परिणाम असा झाला कीं कायदा कारखान्यापासून निघाला, गोदाम, आगगाडी व दुकान यांतून चालत आला आणि शेताच्या बांधावर थांबला. आणि जो दुसऱ्याच्या शेतांत रोजानें फवारतो त्याचें काय, याचें उत्तर त्या शब्दांत सरळ सांपडत नाहीं. त्याच्या रक्ताची तपासणी झाल्याचें ऐकण्यांत येत नाहीं.

रिकाम्या डब्याचीही तीच गत. वापरलेले डबे पुन्हां कामांत येऊं नयेत अशा बेतानें ते फोडून पुरावे, असा नियम आहे. पण घट्ट झांकणाचा डबा फेंकून देणें गरीब घराला जड जातें. बिहारमधील सारण जिल्ह्यांत गंडामन गांवच्या शाळेंत १६ जुलै १९१३ नव्हे, २०१३ रोजीं, म्हणजे कायदा होऊन पंचेचाळीस वर्षांनीं, दुपारच्या जेवणांतील तेलांत मोनोक्रोटोफॉस निघालें आणि तेवीस मुलें मेलीं. केरळमध्यें पिठांतून आलेलें विष येथें तेलांतून आलें, एवढाच फरक.

महाराष्ट्रापुरता या इतिहासाचा सर्वांत दुःखद भाग २०१७ सालचा आहे. त्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती आणि लागवडही दाट होती. अशा पिकांत फवारा खालीं जात नाहीं. तो फवारणाराच्या चेहऱ्यावर व छातीवर परत येतो. हवा दमट, कपडे घामानें चिंब, पंप जोराच्या धारेचे. किडीला दाद लागेना म्हणून दोन-तीन औषधें एकत्र कालविण्याची वहिवाट पडलेली. शेंकडों माणसें रुग्णालयांत दाखल झालीं आणि एकट्या त्या जिल्ह्यांत वीसाहून अधिक मृत्यु पावलीं. त्यांत स्वतःच्या शेतांत फवारणारे शेतकरी होते, तसेच रोजमजुरीनें दुसऱ्याचें शेत फवारणारेही होते. सरकारनें विशेष तपास पथक नेमलें. दुकानांवर छापे पडले, विक्रेत्यांवर खटले भरण्यांत आले. कायद्याचा हात जेथवर पोहोंचत होता तेथवर तो पोहोंचला.

नोव्हेंबरमध्यें राज्य सरकारनें कलम २७ खालीं यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा व वाशीम या पांच जिल्ह्यांत पांच कीटकनाशकांच्या विक्रीस व वापरास बंदी केली. तींत मोनोक्रोटोफॉस होतें. या कलमाप्रमाणें राज्य सरकारला एका वेळीं फार तर साठ दिवसांची बंदी घालतां येते. कायमची नोंदणी रद्द करण्याचा अधिकार दिल्लीचा. नोव्हेंबरांत कपाशीचीं बोंडें फुटून वेचणी चालू झालेली असते, आणि फवारणीचा हंगाम तोंवर बहुतेक आटोपलेला असतो. मोनोक्रोटोफॉसवर देशभर बंदी घालणारा हुकूम मध्यवर्ती सरकारनें काढला तो २०२३ सालीं.